स्किन विकली, पैसे आले. आता कराचं काय?

पिंपळगावच्या बाजार समितीत कांदा विकला की हातात हिशोबपट्टी पडते: वजन, भाव, हमाली, तोलाई, खाली निव्वळ रक्कम. गेममधली बंदुकीची स्किन (तिचं रूप बदलणारी सजावट) किंवा अवतारचा, म्हणजे खेळणाऱ्याच्या पात्राचा, टोप विकणाऱ्याला अशी पट्टी कोणी देत नाही. ती स्वतःच करावी लागते, आणि पुढचा कर तिच्यावरच ठरतो. नाशिकमध्ये कॉलेज रोडपासून सिडकोपर्यंत स्किनची उलाढाल करणारी, रोब्लॉक्स या गेम-प्लॅटफॉर्मसाठी वस्तू बनवणारी मुलं आहेत. त्यातल्या बहुतेकांची गाडी अडते ती विक्रीत नाही, पट्टीत.

आधी ठरवा: नेमकं काय विकताय?

'गेममधून कमाई' या एका नावाखाली तीन वेगळे धंदे चालतात आणि तिन्हींचे कायदे निराळे आहेत.

पहिला धंदा स्वतः बनवलेल्या वस्तूंचा. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल करायचं आणि रोब्लॉक्सवर, युनिटीच्या अ‍ॅसेट स्टोअरवर किंवा एपिकच्या फॅब या ऑनलाइन दुकानात विकायचं. इथे कंपनी स्वतःहून पैसे देते, कागद देते. युनिटी विक्रीच्या ७० टक्के देते, फॅब ८८ टक्के.

दुसरा फेरविक्रीचा: काउंटर-स्ट्राइक २ ची स्किन स्वस्तात घ्यायची, भाव चढला की काढायची. हा व्यापार आहे आणि यात भांडवल अडकतं.

तिसरा आयडी विकण्याचा. बीजीएमआय (पब्जी मोबाइलची भारतातली आवृत्ती) किंवा फ्री फायर मॅक्समधली वस्तू एका खात्यातून दुसऱ्या खात्यात विकता येत नाही, म्हणून अख्खं खातंच विकतात. यात पडू नका. खातं विकणं दोन्ही गेमच्या अटींत बसत नाही. शिवाय आयडी ज्या ई-मेलला किंवा सोशल मीडिया खात्याला जोडलेला असतो, त्यावरून मूळ मालक तो कधीही परत खेचू शकतो. घेणारा मग फसवणुकीची तक्रार करतो आणि ज्या बँक खात्यात पैसे आले ते अडकतं. वरून गेमचाही भरवसा नाही: पब्जी मोबाइल सप्टेंबर २०२० मध्ये बंद झाला, बीजीएमआय जुलै २०२२ मध्ये स्टोअरवरून गेला तो मे २०२३ मध्ये परतला. मधल्या दहा महिन्यांत आयडीला काय भाव असेल?

चौथा प्रकार धंद्यात धरतच नाही: स्किन पणाला लावून खेळायच्या साइट. ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर झालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैशांत बदलता येणारी नाणी, टोकन अशा गोष्टीही 'पण' म्हणून मोजल्या जातात. असा खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षं आणि ५० लाख. 'माझा कोड वापरा' म्हणत व्हिडिओ टाकणारा जाहिरात करणाऱ्यांत मोडतो.

रोब्लॉक्स: तळाची रक्कम आधी काढा

रोब्लॉक्सवर डेव्हलपर एक्स्चेंजमधून रोबक्सचे, म्हणजे तिथल्या चलनाचे, डॉलर होतात. वय किमान १३, ई-मेल पडताळलेला आणि कमावलेले किमान ३०,००० रोबक्स हव्यात. विकत घेतलेल्या रोबक्स यात धरत नाहीत. ५ सप्टेंबर २०२५ नंतर कमावलेल्या रोबक्सला ०.००३८ डॉलरचा दर आहे, आधीच्या शिल्लकीला ०.००३५. म्हणजे ३०,००० चे ११४ डॉलर, जुन्या दराने १०५.

आता एक पास उघडून बघू. तुम्ही गेममध्ये १०० रोबक्सचा पास (जादा सोय विकत घ्यायचं तिकीट) ठेवला. मोबाइलवर ४.९९ डॉलरला ४०० रोबक्स मिळतात, त्या हिशोबाने खेळणाऱ्याचे सव्वा डॉलर गेले. पासच्या विक्रीतून तुमच्याकडे ७० टक्के येतात, म्हणजे ७० रोबक्स. त्याचे ०.००३८ ने झाले साधारण २७ सेंट. खेळणाऱ्याच्या रुपयातले २१ पैसे तुमच्यापर्यंत पोचले, तेही बँकेची कात्री लागण्याआधी. अवतारच्या वस्तूंवर तुमचा वाटा ३० टक्केच असतो, म्हणून नवख्याने टोपांपेक्षा पासकडे आधी वळावं.

पैसे काढताना अमेरिकी कराचा फॉर्म समोर येतो: डब्ल्यू-८बीईएन. 'परदेशी करक्रमांक' या रकान्यात तुमचा पॅन लिहायचा आणि दोन देशांतल्या करविषयक कराराच्या भागात भारत निवडायचा. हा भाग कोरा सोडला तर अमेरिकेत उगम मानलेल्या रकमेवर ३० टक्के कपात होऊ शकते. करारानुसार रॉयल्टीवर ती १५ टक्क्यांपर्यंतच. फॉर्मवर सही झाल्यानंतरच्या तिसऱ्या कॅलेंडर वर्षाच्या अखेरीस तो संपतो. नूतनीकरण विसरलात की पुन्हा ३०. पॅनवरचं नाव, प्रोफाइलमधलं नाव आणि बँकेतलं नाव अक्षरन् अक्षर जुळायला हवं. वडिलांचं नाव मधे एका ठिकाणी आहे आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरून पैसे परत जातात.

पैसे बँकेत आले की बँक 'पर्पज कोड' विचारते. सॉफ्टवेअर सेवेसाठी पी०८०२ चालतो. घाईत बरेच जण पी१३०१ निवडतात, तो नातेवाइकांनी घरखर्चाला पाठवलेल्या पैशांचा आहे. पुढे विवरणपत्रात तीच रक्कम धंद्याची म्हणून दाखवली की कागद एकमेकांशी भांडतात. दर वेळी परकीय रक्कम आल्याचा दाखला मागून घ्या आणि पीडीएफ जपून ठेवा.

फेरविक्री: टंच बघा, मग भाव

सराफ बाजारात चांदी घेताना टंच विचारतात, तसा काउंटर-स्ट्राइकच्या स्किनचा फ्लोट विचारायचा. हा ० ते १ मधला आकडा असतो आणि जन्मभर बदलत नाही. ०.०७ पर्यंत फॅक्टरी न्यू, ०.१५ पर्यंत मिनिमल वेअर, ०.३८ पर्यंत फील्ड-टेस्टेड, ०.४५ पर्यंत वेल-वॉर्न, पुढे बॅटल-स्कार्ड. एकाच नावाच्या दोन स्किनपैकी ०.१५१ वाली आणि ०.३७ वाली एकाच गटात मोडतात, पण पहिली डोळ्याला जवळजवळ मिनिमल वेअरसारखी दिसते आणि जास्त भावाला जाते. पावती करताना नावासोबत फ्लोट लिहा. पुढे कुठली घेतली आणि कुठली विकली हे सिद्ध करायला तोच आकडा कामी येतो.

काउंटर-स्ट्राइक ज्यावर चालतो त्या स्टीम या गेम-दुकानाच्या स्वतःच्या बाजारात एकूण १५ टक्के शुल्क आहे, ५ स्टीमचे आणि १० गेमचे. हे टक्के विकणाऱ्याच्या रकमेवर चढतात. घेणाऱ्याने १०,००० दिले तर १.१५ ने भागा: तुमच्या वॉलेटमध्ये ८,६९५ च्या आसपास येतील. आणि खरी गोम पुढे आहे. स्टीम वॉलेटमधला पैसा बँकेत काढता येत नाही. त्यातून गेम घ्या, दुसरी स्किन घ्या, एवढंच. रोख हवी तर बाहेरच्या बाजारात विकावं लागतं, जिथे भाव स्टीमपेक्षा बरेच खाली असतात आणि जिथे स्टीम चालवणारी व्हॉल्व्ह कंपनी तुमच्या पाठीशी नाही. स्टीमचं खातं खासगी, बिगरव्यापारी वापरासाठी आहे असं त्यांच्या करारात लिहिलेलं आहे. वस्तू चोरीला गेली तर ती परत देत नाहीत.

बाहेर विकायचंच असेल तर क्रम असा ठेवा. फोनवर स्टीम गार्ड ऑथेंटिकेटर लावा; तो नसेल तर प्रत्येक देवाणघेवाण १५ दिवसांपर्यंत अडकते. मग स्टीमवरचं एपीआय की चं पान उघडा; ही की म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामला तुमच्या खात्याशी जोडणारी किल्ली. तिथे तुम्ही न बनवलेली की दिसली तर खातं फुटलं आहे असं समजा: की रद्द करा, पासवर्ड बदला, सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडा. चोर त्या की च्या आधारे तुमची खरी ऑफर रद्द करतो आणि खरेदीदाराचं नाव-फोटो लावलेल्या खोट्या खात्यावरून तशीच दुसरी पाठवतो. म्हणून फोनवर 'मान्य' दाबण्याआधी समोरच्या खात्याची लेव्हल आणि ते कधी उघडलं तो महिना जुळवून बघायचा. फोटोवर विश्वास ठेवायचा नाही.

जुलै २०२५ पासून देवाणघेवाणीत मिळालेली वस्तू ७ दिवस संरक्षित राहते. देणारा त्या मुदतीत व्यवहार उलटवू शकतो. तसं केलं तर त्याच्या खात्यावर ३० दिवस व्यापारबंदी येते, पण वस्तू परत जाते. त्यामुळे जबाबदार बाजार पैसे आठवड्यानंतरच सोडतात. उलट 'आत्ता यूपीआय करतो, लगेच स्किन दे' म्हणणारा अनोळखी माणूस सात दिवसांची जोखीम आनंदाने का घेतोय, हा प्रश्न स्वतःला विचारा. बहुधा ते पैसे त्याचे नसतात.

भावाची जोखीमही गेम बनवणाऱ्याच्या हातात. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली तेव्हा लासलगावला जे झालं, तेच ऑक्टोबर २०२५ मध्ये काउंटर-स्ट्राइकमधल्या चाकूंच्या बाबतीत झालं: पाच लाल दर्जाच्या स्किन देऊन चाकू किंवा हातमोजे मिळवण्याची सोय एका अपडेटने दिली, चाकूंचे भाव कोसळले आणि लाल स्किन उसळल्या. सगळं भांडवल एकाच दर्जाच्या मालात ठेवू नका.

खातं गोठलं तर

चोरीच्या पैशांनी कोणी तुमची स्किन घेतली आणि मूळ माणसाने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, तर पैशांचा माग काढत पोलीस तुमच्या खात्यापर्यंत येतात. तक्रार दुसऱ्या राज्यातली असू शकते. बँकेकडून तीन गोष्टी लेखी मागा: तक्रारीचा पोचक्रमांक, पोलीस ठाण्याचं नाव, अडवलेली रक्कम. मग तपास अधिकाऱ्याला व्यवहाराचा पुरावा ई-मेल करा: चॅट, ट्रेड ऑफरचा क्रमांक, फ्लोट, यूटीआर (बँकेतल्या व्यवहाराचा) क्रमांक. तेवढीच रक्कम अडवून बाकी खातं मोकळं करा अशी मागणी आधी करा, ती पूर्ण सुटकेपेक्षा लवकर मान्य होते. नाहीच जमलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. या धंद्याचं खातं पगाराच्या आणि घरकर्जाच्या हप्त्याच्या खात्यापासून वेगळं का ठेवायचं, ते अशा दिवशी कळतं.

कर: कोणत्या खान्यात टाकायचं?

आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आहेत. त्यासाठी १९६१ चा कायदा. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू, त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत.

स्वतः बनवलेल्या वस्तूंचं उत्पन्न धंद्याचं, यात वाद नाही. फेरविक्रीत मात्र फाटा फुटतो. 'आभासी डिजिटल मालमत्ते'वर ३० टक्के कर आणि ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के लागतो. व्याख्येत 'क्रिप्टोग्राफीने किंवा अन्यथा' तयार झालेलं, मूल्य दाखवणारं आणि साठवून व्यवहार करता येणारं काहीही येतं. गेममधलं एनएफटी, म्हणजे ब्लॉकचेनवर नोंदलेली वस्तू, त्यात सरळ बसतं. स्टीमवरच्या स्किनचं नाव कायद्यात नाही आणि सल्लागारांत दोन मतं आहेत. फरक किती पडतो ते बघा.

समजा वर्षभरात दोनच सौदे. एक स्किन ४०,००० ला घेऊन ५२,००० ला विकली. दुसरी ३०,००० ला घेऊन २२,००० ला काढावी लागली. आभासी मालमत्ता धरली तर तोटा वजा होत नाही: १२,००० वर ३१.२ टक्क्यांनी ३,७४४ रुपये कर, बाकी उत्पन्न शून्य असलं तरी. धंदा धरला तर निव्वळ नफा ४,०००, त्यातून खर्चही वजा, आणि नव्या करपद्धतीत ४ लाखांपर्यंत कर नाही. नेहमीचं उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर कलम ८७अ च्या सवलतीने तेही शून्यावर येतं. ३० टक्केवाल्या खान्याला ना ती सवलत, ना ४ लाखांची सूट.

रुपयांत घेऊन रुपयांत विकलेल्या, सतत उलाढाल असलेल्या स्किनसाठी धंद्याची बाजू जास्त पटणारी आहे. पण एकदा बाजू घेतली की ती दरवर्षी तीच ठेवायची. नफ्याच्या वर्षी धंदा आणि गैरसोयीच्या वर्षी छंद असं चालत नाही. वर्षाची विक्री मोठी असेल तर सीएकडून मत लेखी घ्या, तोंडी नको.

एक जागा मात्र निर्विवाद धोक्याची आहे: पैसे यूएसडीटी या डॉलरशी बांधलेल्या क्रिप्टो नाण्यात घेणं. स्किन विकल्याचं उत्पन्न एक, आणि यूएसडीटी विकून रुपये केले तो आभासी मालमत्तेचा दुसरा स्वतंत्र व्यवहार, त्यावर १ टक्का टीडीएस. शिवाय यूएसडीटीचे रुपये व्यक्तीकडून व्यक्तीकडे घेताना खाती गोठण्याचं प्रमाण काय आहे ते या बाजारातल्या कोणालाही विचारा.

केस, म्हणजे आत काय निघेल ते न कळणारी गेममधली पेटी, किल्ली घेऊन उघडली आणि लागलेला चाकू विकला तर? २.४९ डॉलरच्या चाळीस किल्ल्या फुकट गेल्या आणि एकेचाळिसावीला चाकू लागला, तर चाळिसांचा खर्च वजा मागायला धंद्याची वही लागते. तशी वही कोणाकडे नसते. केस उघडणं करमणुकीत धरा.

अनुमानित नफ्याची सोय

कलम ४४एडी खाली बँकेतून आलेल्या विक्रीच्या ६ टक्के नफा दाखवला की सविस्तर वही ठेवावी लागत नाही. वरच्या उदाहरणात विक्री ७४,०००, नफा ४,४४०. प्रत्यक्ष नफा जास्त असेल तर जास्तच दाखवा. ६ टक्के ही किमान मर्यादा आहे, बक्षीस नाही. रोब्लॉक्सच्या निर्मात्याला माल विकत घ्यावाच लागत नाही, त्याने जेमतेम ६ टक्के दाखवले तर ते कोणाच्याही डोळ्यांवर येईल.

दुसऱ्यांच्या स्किन विकून देऊन दलाली घेत असाल तर ही सोय नाही. कमिशनचा धंदा ४४एडीतून वगळलेला आहे. आणि एकदा यात येऊन पाच वर्षांच्या आत बाहेर पडलात तर पुढची पाच वर्षं दार बंद.

साध्या प्रकरणात आयटीआर-४. पण डॉलर परदेशी वॉलेटमध्ये शिल्लक ठेवले असतील किंवा अमेरिकेत कापलेला कर परत जमेला धरायचा असेल तर आयटीआर-३. परदेशी खातं 'शेड्यूल एफए'मध्ये कॅलेंडर वर्षाप्रमाणे, जानेवारी ते डिसेंबर, दाखवायचं असतं. आर्थिक वर्षाचे आकडे तिथे टाकणं ही नेहमीची चूक. कापलेल्या कराची जमा मागायला फॉर्म ६७ लागतो, मात्र जमा भारतातल्या त्याच उत्पन्नावरच्या कराइतकीच मिळते. इथे कर शून्य असेल तर तिथले १५ टक्के गेले ते गेले.

वर्षाचा कर १०,००० किंवा जास्त होणार असेल तर अग्रिम कर: १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्चपर्यंत अनुक्रमे १५, ४५, ७५ आणि १०० टक्के. ४४एडीवाल्यांना एकच तारीख, १५ मार्च.

विक्रेता अल्पवयीन असेल तर: मुलाने स्वतःच्या कसबाने कमावलेलं उत्पन्न आई-वडिलांच्या उत्पन्नात मिसळत नाही, त्याच्या नावाचा पॅन काढून वेगळं दाखवता येतं. वडिलांच्या खात्यात पैसे घेतले की हा फायदा सिद्ध करणं अवघड होतं.

जीएसटी थोडक्यात

सेवेची मर्यादा २० लाख, आणि ती नफ्यावर नाही, एकूण विक्रीवर मोजतात. फेरविक्रीत २० लाखांची उलाढाल एक-दोन लाखांच्या नफ्यातही होते, त्यामुळे सहज निसटतं. परदेशी कंपनीकडून येणारं उत्पन्न निर्यात म्हणून शून्य दराचं ठरू शकतं, त्यासाठी नोंदणी झाल्यावर दर आर्थिक वर्षाला आरएफडी-११ मध्ये हमीपत्र भरावं लागतं. नोंदणीबरोबर महाराष्ट्राचा व्यवसाय कर, वर्षाला २,५०० रुपये, तोही येतो.

पट्टी

एक स्प्रेडशीट, एका वस्तूला एक ओळ. रकाने: घेतल्याची तारीख, वस्तूचं पूर्ण नाव आणि फ्लोट, खरेदीची रक्कम, कुठून घेतली, विकल्याची तारीख, विक्रीची रक्कम, बाजाराचं शुल्क, चलन, बँकेत आलेले रुपये, बँकेतली तारीख, यूटीआर क्रमांक. परदेशी चलन बँकेमार्फत रुपयांत आलं असेल तर बँकेने दिलेलाच आकडा धरा. बाहेर पडून राहिलेल्या रकमेला स्टेट बँकेचा टीटी खरेदी दर लावतात.

३१ मार्चच्या रात्री स्टीमच्या इन्व्हेंटरीचे स्क्रीनशॉट आणि बाजाराचा इतिहास जतन करा. बाहेरच्या साइट बंद पडतात आणि त्यांच्याबरोबर तुमच्या विक्रीचा पुरावाही जातो. जूनमध्ये आयकर पोर्टलवर एआयएस, म्हणजे तुमच्या पॅनवर नोंदलेल्या व्यवहारांचं वार्षिक विवरण, उघडून टीडीएस जुळवा. नोटीस आली तर तीही पोर्टलवरच येते, उत्तर तिथेच द्यायचं असतं. बहुतेक वेळा गडकरी चौकातल्या कार्यालयाची पायरी चढावी लागत नाही.

मागच्या वर्षांचे पैसे दाखवायचे राहून गेले असतील तर अद्ययावत विवरणपत्र, म्हणजे आयटीआर-यू, करनिर्धारण वर्ष संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत भरता येतं. पहिल्या वर्षात कर आणि व्याजावर २५ टक्के जादा, दुसऱ्यात ५०, तिसऱ्यात ६०, चौथ्यात ७०. त्यात तोटा दाखवता येत नाही आणि परतावाही मागता येत नाही, म्हणून आधी पट्टी पुरी करा आणि मग फॉर्म उघडा.